श्रीखंड आधी कुणाला

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कॅनडातल्या आमच्या केंब्रिजच्या घरात सायकल-शर्यतीचा विषय काढण्यास सक्त मनाई आहे. काढल्यास मी बोलू लागतो आणि सगळ्यांचं जेवण गार होतं.

गेल्या उन्हाळ्यात इथे आठवडाभराची शर्यत होती. आयोजकांना खेळाडू उतरवायला घरं हवी होती, आमचं बेसमेंट रिकामं होतं. मी हौसेने हात वर केला आणि पदरात तीन स्पॅनिश पडले: टीमचा डायरेक्टर, कॅप्टन आणि पस्तिशीचा एक किडकिडीत सायकलपटू. या किडकिडीताने आजवर एकही शर्यत जिंकली नव्हती, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम होता.

डायरेक्टरने पहिल्याच संध्याकाळी बायकोचा वजनकाटा ताब्यात घेतला. खेळाडूंना भात मोजून! श्रीखंडाचं पातेलं दिसताच त्याने ट्रॅफिक पोलिसासारखा हात आडवा केला. अहो, आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, तोलत नाहीत!

जेवताना त्याने स्वतःची कारकीर्द सांगितली. तोही व्यावसायिक सायकलपटू होता, पण सगळी वर्षं तेव्हाच्या कॅप्टनला पाण्याच्या बाटल्या पोचवण्यात आणि त्याचा दम वाचावा म्हणून त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घेण्यात गेली. एकदा मात्र तो एकटा पुढे निघाला. शर्यत संपणार होती त्याच्याच गावात, आई रस्त्यावर उभी. तेवढ्यात मागे कॅप्टनचं चाक पंक्चर झालं आणि हुकूम आला: थांब, त्याला ओढून आण.

“मग?”

“थांबलो,” असं म्हणून त्याने पाण्याचा जग मागितला.

“आई उभी होती ना पण!” मी ओरडलो.

“अहो, हळू. पाहुणे आहेत ते,” बायको म्हणाली.

शेवटच्या दिवशी यजमान म्हणून मला टीमच्या गाडीत मागची सीट मिळाली. किडकिडीत सगळ्यांच्या पुढे होता, एकटा! मी सीटबेल्टसकट नाचत होतो. आणि रेडिओवर कॅप्टनचा आवाज आला: पंक्चर. आम्ही थांबलो, मेकॅनिकने चाक बदललं, आणि डायरेक्टरने माइक उचलला.

“नाही हं! अजिबात नाही!” मी चक्क मराठीत ओरडलो.

तो माइकमध्ये एकच शब्द बोलला. मला स्पॅनिश येत नाही, पण कळला. पुढे मक्याच्या शेताच्या कडेला किडकिडीत एक पाय टेकून उभा होता. मग कॅप्टनला पाठीमागे घेऊन, सगळा वारा स्वतः खात, बाकीच्यांना गाठून मागे टाकत तो त्याला शेवटपर्यंत ओढत गेला. शेवटच्या वळणावर कॅप्टन त्याच्या आडून बाहेर आला आणि हात उंचावून जिंकला.

मी मोटारींच्या कारखान्यात काम करतो. चालती लाइन थांबवायला आमच्याकडे काहीतरी मोठं मोडावं लागतं. इथे एकाच्या चाकातली हवा गेली म्हणून दुसऱ्याचं आयुष्य थांबवलं, आणि वर लोक टाळ्या वाजवत होते! घरी आल्यावर ड्राइव्हवेतच मी हे सगळं बायकोला ऐकवलं. ती तडक आत गेली आणि वजनकाटा कपाटात टाकून तिने श्रीखंडाचं पातेलं बाहेर काढलं.

ट्रॉफी शेजारी ठेवून कॅप्टनने सर्वांत आधी वाटी पुढे केली. बायको त्याला ओलांडून गेली आणि किडकिडीताच्या वाटीत तिने डोंगर उभा केला.

“आधी याला,” ती इंग्रजीत म्हणाली. “हा थांबला होता.”

कॅप्टन हसला. आता पोलिसाचा हात आडवा येणार म्हणून मी बाह्या सरसावल्या. डायरेक्टर त्या डोंगराकडे बघत राहिला, मग त्याने आपली रिकामी वाटी पुढे सरकवली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

“मलाही वाढा. मीसुद्धा थांबलो होतो.”