कॉफीच्या बॉयलरमुळे झालेली रिटेक

‘ब’ हॉलमधले सगळे कॉम्प्युटर एका झटक्यात काळे पडले, तेव्हा मी चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या एका शाळेच्या जिन्यावर बसून इडली खात होतो. सहावीची प्रवेशपरीक्षा चालू होती. आतून पोरांचा असा आवाज उठला, की तांबरमची लोकल घाबरून मांबलमला न थांबताच गेली असणार. मी इडली तोंडात धरूनच पळालो.

आमची कंपनी गिंडीत आहे. शाळांच्या ऑनलाइन परीक्षा आम्ही घेतो. उत्तर क्लिक केलं की ते लगेच सर्व्हरवर सेव्ह होतं, त्यामुळे मशीन बंद पडलं तरी उत्तरं जात नाहीत. घड्याळ मात्र चालूच राहतं.

हॉलमधले पंखे फिरत होते. म्हणजे वीज होती, कॉम्प्युटरचा यूपीएस बंद पडला होता. यूपीएसच्या लाइनवर लाल सॉकेट असतात आणि त्यांत फक्त कॉम्प्युटर लावायचे असतात. दाराबाहेरच्या लाल सॉकेटमध्ये कॉफीचा बॉयलर लावलेला होता. केवढा म्हणाल? आमचा मॅनेजर टोपीसकट आत उभा राहिला असता.

“हा कोणी लावला?”

“मी,” पालक संघाचे अध्यक्ष वेंकटेशन सार म्हणाले. “पालक सकाळपासून उभे आहेत. या सॉकेटचा करंट कधी जात नाही म्हणतात. कॉफी मध्येच गार नको. ते जाऊ दे, तुमच्या सिस्टमला काय झालं? माझी नित्या आत आहे.”

बॉयलरचा भार न पेलून यूपीएस बंद पडला, हे मी सांगितलं. सार गप्प झाले. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

बॉयलर काढून मी यूपीएस चालू केला. पण तोवर पोरं कॉरिडॉरमध्ये एकमेकांची उत्तरं पडताळत होती. आता तोच पेपर पुढे चालवणं म्हणजे कॉपीला परवानगी. हेडमिस्ट्रेस अंबुजाबाई तंजावरच्या मराठी. त्या मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाल्या, “मार्ग सांगा. नाहीतर हे लोक माझीच कॉफी करतील.”

“ब हॉलला जेवणानंतर नवा पेपर देऊ.”

हे बाहेर कळलं आणि अ हॉलचे पालक उसळले. “त्यांना दोन चान्स, आमच्या मुलांना एक?”

वेंकटेशन सारांना वाचा फुटली. “दोन्ही पेपर ठेवा. जास्त मार्कांचा धरा.”

“सार, तसं केलं तर पुढच्या वर्षी प्रत्येक हॉलबाहेर एक बॉयलर येईल.”

मागून एक बाई म्हणाल्या, “ज्यांनी बॉयलर लावला त्यांच्या मुलीला रिटेक कशाला?”

सगळे नित्याकडे बघायला लागले. ती बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत होती. अंबुजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“प्लग वडिलांनी लावला,” मी म्हणालो. “पेपर ती देत होती.”

मग आम्ही नियम केला. ब हॉलच्या प्रत्येक मुलाने आत्ताच, मार्क कळायच्या आधी ठरवायचं. जुना अर्धवट पेपर ठेवा किंवा नवा द्या. नवा घेतला की जुना समोरच पुसला जाईल. कोणालाही धरायला एकच पेपर. अ हॉलचे पालक कुरकुरले, पण बसले.

“नित्या, जुनाच ठेव,” सार म्हणाले. “तुझा होतच आला होता.”

तिने मला विचारलं, “अंकल, नवा जास्त अवघड असतो का?”

“तेवढाच. प्रश्न वेगळे.”

“मग नवा. जुन्यात मी भूमिती शेवटी ठेवली होती.”

“अगं, पण बाकीचं सगळं बरोबर असेल तर?”

“अप्पा, भूमितीला पण मार्क असतात.”

मी डिलीटवर बोट नेलं तर सारांनी माझं मनगट धरलं. पकड अशी, की घड्याळातले काटे उलटे फिरले. “एक कॉपी ठेवा ना, सार. कोणाला दाखवू नका.”

“ठेवली तर मीच आधी बघेन,” मी म्हणालो आणि पुसलं.

नित्याला प्रवेश मिळाला. जुना अर्धवट पेपर ठेवणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही मिळाला. ती बॉयलरवाली शंका काढणाऱ्या बाईंचा मुलगाही पास झाला, त्यामुळे तक्रार कोणाचीच आली नाही. वेंकटेशन सारांचा मात्र अजून फोन येतो. “जुन्यात किती होते? नुसता अंदाज सांगा.”

रिटेक घेताना मुलांच्या डोक्यातून पहिला पेपर उतरायला एक सांबारभात पुरतो. पालकांच्या डोक्यासाठी मात्र आमच्याकडे डिलीटचं बटण नाही.