आत्याचा धुरा

माझ्या आत्याइतकं जागेचं पक्कं माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरं नसेल. जऊळक्याच्या फलाटावर ती ठरल्या जागी उभी राही, आणि डबा पुढं जाऊन थांबला तर धावायचं सोडून गार्डलाच सुनवी, "मी बरोबर उभी हाय, गाडी चुकली तुमची!" रिठदच्या स्वतःच्या शेतात उभी असताना मोबाईलच्या नकाशानं तिला शेजारच्या विहिरीत दाखवलं, तेव्हा "हा मले बुडवून राह्यला!" म्हणत तिनं थेट उपग्रहाकडून जागेची दुरुस्ती घेणारं यंत्रच मागवलं. मग येईल त्याला चहाआधी शिकवणी. वरून येणारे संदेश हवेत जरा भरकटतात. जमिनीवरच्या केंद्रांना आपली जागा नेमकी ठाऊक असते, म्हणून ती फरक पकडतात, आणि दुसरा उपग्रह तो सगळ्यांना कळवतो. "अन् फुकट सांगते बाप्पा! गावात रस्ता विचारला तं लोक पहिले गोत विचारतात."

तिचं वैर मात्र धाकट्या दिराशी. दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, त्यानं तिच्या बाजूला सरकवला, असं ती ठामपणे सांगे. कित्येक वर्षं बोलणं बंद. शेवटी तिनंच सरकारी मोजणी मागवली. मोजणीदार तसंच उपग्रहाचं यंत्र घेऊन आला आणि आत्या आपलं यंत्र छातीशी धरून त्याच्या मागं मागं. खुणा पडल्या. बैलगाडी जाईल एवढी पट्टी निघाली खरी, पण ती दिराची, इतकी वर्षं आत्याच्याच ताब्यात असलेली. मोजणीदार चाचरत म्हणाला, "काकू, पुन्हा बघू का?"

"काहून? दोनी यंत्रं एकच सांगून राह्यले ना. ठोका खुंट्या."

दीर तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. संध्याकाळी मला सोबत घेऊन ती त्याच्या घरी गेली. त्याला ऐकू कमी येई, म्हणून मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, पट्टी तुमचीच हाय. मी उगाच तुमाले चोर म्हनत होती."

तो कसाबसा सरकला आणि खाटेवर जागा केली. "बसा ना वयनी. जमिनीचं पाहू मंग."

पुढच्या पेरणीपर्यंतही तो राहिला नाही. पण होता तोवर आत्याची दुपार त्याच खाटेपाशी जाई. मी फोन करून कुठं आहेस विचारलं, की ती एवढंच म्हणे, "घरी हाय."