टेपातलं डांबर

टेप थांबला तेव्हा मावशी म्हणत होती, "आगो, त्या टोपलेंतली भिरंडां पयली घे..." तिचा आवाज जड होत गेला, पुरुषासारखा घोगरा झाला आणि 'पयली' या शब्दावरच विरला. आतली मोटर गुणगुणत होती, पण कॅसेटची चाकं जागची हलत नव्हती. मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. खाटेवर बसलेली आई माझ्याकडे बघत होती.

"आका खंय गेली?" तिनं विचारलं.

आका म्हणजे तिची थोरली बहीण, माझी मावशी. तिला जाऊन तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती.

आम्ही पाळी गावात राहत होतो, खाणपट्ट्यात. मी गावच्या मराठी शाळेत शिकवत होते, सकाळची शाळा. वडील आधीच गेले होते, भाऊ पुण्याला होता, आणि माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून आई माझ्याकडे होती. तिला विसर पडू लागून तीन वर्षं झाली होती. आधी मिठाचा डबा, मग शेजाऱ्यांची नावं, मग मी. मला ती 'बाई' म्हणायची, जशी शाळेतली मुलं म्हणतात. सकाळी बरी असायची. मी शाळेत असताना शेजारच्या वहिनी तिच्याजवळ बसायच्या. पण ऊन कलंडलं की तिच्या अंगात काहीतरी शिरायचं. लुगड्याचा पदर खोचून ती दाराकडे निघायची. लाटंबार्शाला, आकाच्या गावी, जायचं म्हणायची. आमच्या दारासमोरून खनिजाच्या टिपरांची, म्हणजे ट्रकांची, रांग जायची. एकामागे एक, धुळीत पुढचा दिसत नसे. एकदा ती त्या रांगेत सापडली होती. एका ड्रायव्हरनं ब्रेक मारला, खाली उतरून तिला हाताला धरून आणलं आणि मला इतकंच म्हणाला, "बाई, माझीय आवय घरा आसा." आवय म्हणजे आई.

कॅसेट मला त्यानंतरच्या आठवड्यात कपाटात सापडली. वडील खाणीवर ड्रायव्हर होते. आखातातून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तो टेप घेतला होता, आणि चालतो की नाही बघायला मागच्या पडवीत ठेवून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं. मे महिना असणार. दोघी बहिणी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होत्या. त्यांना टेप चालू आहे हे ठाऊकच नव्हतं. पाऊण तास दोघी बोलतात. कुणाच्या म्हशीला वासरू झालं, कुणाच्या सुनेनं आमटीत साखर घातली. मावशी अधूनमधून कोंबड्यांना हाकलते. मध्येच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो आणि आई ओरडते, "उंडे धा दी रे!" एवढंच. यात जपून ठेवण्यासारखं काही नाही, तरी कुणी ती पुसली नव्हती.

पण ती कॅसेट लावली की आई दारातून परत यायची. खाटेवर बसायची. मांडीवर हात फिरवत, मधे मधे 'हय गो, हय' म्हणत मावशीला उत्तरं द्यायची. भोंगा वाजला की पैशांची पिशवी शोधायची. सांज टळेपर्यंत दोनदा लावावी लागे, पण ती दाराबाहेर जात नसे. सात महिने मी या कॅसेटवर जगले असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून टेप बंद पडला तेव्हा मी आधी घाबरले नाही. कॅसेट शाबूत होती. वहिनींकडे दुसरा टेप होता. दुसऱ्या दिवशी तो आणला आणि लावला. आतून दोन चिमण्या भांडाव्यात तशा किरट्या, भरभर पळणाऱ्या बायका बोलू लागल्या. वडिलांचा टेप पहिल्यापासून संथ चालत असणार. संथ टेपवर भरलेला आवाज त्याच टेपवर सरळ ऐकू यायचा, दुसरीकडे तो धावत सुटायचा. आई उठून भिंतीला टेकली.

"ही आका न्हय," ती म्हणाली. "तिका कितें केलंस तू?"

त्या संध्याकाळी तिनं माझ्या दंडाला चावा घेतला.

मग मी वडिलांचा टेप उघडायला घेतला. मागचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आत रबराचा बेल्ट असतो, मोटरची छोटी चाकी आणि मोठं चाक यांच्यामधे, शिवणयंत्राला असतो तसा पण दोऱ्याएवढा बारीक. तो बेल्ट नव्हताच. त्याच्या जागी काळा चिकट लगदा होता. रबर वर्षानुवर्षं उष्म्यानं पाझरून डांबर झालं होतं. चाकीच्या खाचेत भरलं होतं, मोठ्या चाकाच्या कडेला थापलं होतं, वायरींवर त्याचे धागे ताणले गेले होते. मी बोट लावलं. बोट काळं झालं. ते दुसऱ्या हातानं पुसलं, तर दोन्ही हात काळे. साबणानं गेलं नाही, रॉकेलनं हातावर नुसतं पसरलं. रॉकेलचा थेंब झाकणावर पडला तिथलं प्लास्टिक पांढरं पडलं, तेव्हा मी रॉकेल बंद केलं.

वहिनींच्या घरी काजूची भट्टी होती. त्या बाटली घेऊन आल्या. "फेणी घाला. फेणयेन सगळां जाता."

सगळं गेलं नाही. थोडं सुटलं, बाकीचं आणखी चिकट झालं, आणि घरभर दारूचा वास. आई म्हणाली, "भावजी इले?" भावजी म्हणजे मावशीचा नवरा, त्याला पिण्याची सवय होती. मग ती भावजी आलेत, आका एकटी आहे, म्हणून आणखीच निघायची घाई करू लागली.

शेवटी डिचोलीच्या औषधांच्या दुकानातून स्पिरिट आणलं. झाडूच्या हिरांना कापूस गुंडाळला, तो भिजवायचा, खाचेत फिरवायचा, काळा झाला की टाकायचा. हे काम उजेडात करावं लागे, आणि शाळेनंतर माझ्याकडे उजेड होता तो नेमका आईच्या निघण्याच्या वेळेचा. दोन दिवस मी एका हातात टेप आणि एका हातात आईचा पदर असं करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी, मी खाचेतला एक धागा ओढत असताना, ती निसटली. मला टिपराचा कर्कश हॉर्न ऐकू आला. मी धावले. ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती, लाल धुळीनं माखलेली, एक वहाण रस्त्यात.

चौथ्या दिवशी मी तिला मधल्या खोलीत बसवलं, बाहेर आले आणि कडी लावली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कडी लावली आणि पडवीत चटईवर टेप घेऊन बसले. आधी ती हळू बोलली. मग दार वाजवू लागली. "आका, दार उघड गो. आका, हांव हांगा आसा." मला ती आका म्हणत होती. मी कापूस भिजवत होते, खाचेत फिरवत होते, टाकत होते. मनात एकच होतं, हे डांबर निघालं की ती शांत होईल, हे निघालं की सगळं होईल. तिचे हात थकले, मग ती पायांनी दार वाजवू लागली, आणि मी थांबले नाही. किती वेळ गेला कळलं नाही. उजेड गेला तेव्हा कापूस पांढरा निघत होता.

दार उघडलं. ती जमिनीवर बसली होती. तिनं लुगड्यात केलं होतं. तिला उठवायला मी हात पुढे केले आणि ती माझ्या हातांकडे बघत राहिली. कोपरापर्यंत काळे झाले होते.

"हात बघ कसे केलंस ते!" ती म्हणाली. आवाज खणखणीत, माझ्या लहानपणचा. "धा वर्षांचा घोडां झालां तरी अक्कल नाय चेडवाक. जा, राखेन धू. लुगड्याक लावशीत."

मला विसरल्यापासून तिनं मला पहिल्यांदाच ओळखलं होतं. मी राखेनं हात धुवायला गेले आणि न्हाणीत बसून रडले. परत आले तेव्हा तिनं विचारलं, "बाई, तुमी कोणाकडल्या?"

डांबर निघालं तरी बेल्ट हवा होता. डिचोलीतल्या मिस्तरीनं टेपची कामं कधीच सोडली होती. त्यानं पेडण्यातल्या एका म्हाताऱ्याचं नाव सांगितलं, जत्रांतल्या नाटकांना लाऊडस्पीकर लावणारा. रविवारी आईला वहिनींवर सोपवून, टेप पिशवीत घालून, दोन बस बदलून मी पेडण्याला गेले. म्हातारा अंगणात बसला होता. त्याच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बेल्टच बेल्ट होते, टाल्कम पावडर लावून ठेवलेले, चिकटू नयेत म्हणून. त्यानं टेप उघडला, चष्मा कपाळावर घेऊन मोटरची चाकी डोळ्याजवळ धरली.

"बाई, अर्ध्याच काढलात तुमी. तळाक आसा अजून. इतक्या जरी रवला तरी आवाज डुलता." त्यानं सुईनं काळ्या मोहरीएवढं काढून मला दाखवलं. मग बेल्ट चढवला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर मोटरच्या मागच्या भोकात, वेग बदलायच्या स्क्रूला लावला. "संथ चलता. सरळ करतंय."

मी त्याचा हात धरला. परक्या माणसाचा हात असा कधी धरला नव्हता. "नका करू," म्हटलं. आणि सगळं सांगितलं, कडी सोडून.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मगे ह्याच टेपाक कित्याक धरून बसलात? असो स्क्रू बऱ्याचश्या टेपांक आसता. शेजाऱ्यांच्या टेपाचो फिरवलो आसतो तर थंयच तुमका हो आवाज मेळलो आसतो. पाच मिनटांचा काम."

त्यानं ते टोचायला म्हटलं नव्हतं. पण मी त्याच्या अंगणात पायरीवर बसले ती उठेना. त्याच्या बायकोनं पाणी आणलं. पाच मिनिटं. आणि मी चार दिवस, आणि ते दार.

टेप चालू झाला. घरी आणून लावला. नव्या बेल्टवर मावशीचा आवाज जवळजवळ तसाच होता, किंचित वेगळा, मलाच कळण्याइतका. आईनं मान कलती केली, ऐकलं, आणि म्हणाली, "हय गो." पोदेराचा भोंगा वाजला, तिनं पिशवी शोधली. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. वाटलं, सुटलो.

तो पावसाळा गेला. दिवाळीनंतर एका संध्याकाळी कॅसेट लावली, तर ती वळलीच नाही. मी म्हटलं, "आई, आका बोलते बघ."

"कोण आका?"

मी आवाज मोठा केला. तिनं कानांवर हात ठेवले. "बंद कर गो. कान दुखतत."

नंतर ती कधीच दाराकडे गेली नाही. टिपरं जात राहिली, ऊन कलंडत राहिलं, ती खाटेवर भिंतीकडे बघत बसायची. मी सांगेन तेव्हा उठायची, भरवेन तेवढं खायची. अशी आठ महिने, शेवटपर्यंत. येणारी माणसं म्हणायची, आता बरी आहे हो, त्रास देत नाही. भाऊ आला, तोही म्हणाला. मी हो म्हणायचे. सांज झाली की उघड्या दारात उभी राहून वाट बघायचे, ती उठेल, पदर खोचेल, मला ढकलून रस्त्याकडे निघेल. ती उठली नाही.