तसबिरीतली नखं

डॉक्टर होऊन भोरला आलो तेव्हा मला एक खोड लागली होती. भिंतीवरच्या तसबिरींतल्या माणसांचे रोग ओळखायचे. संस्थानातल्या कुठल्याही बड्या घरी नाडी बघायला गेलो की नजर आधी भिंतीकडे जाई. या राणीसाहेबांच्या ठुशीखाली गलगंड दडलाय, त्या दिवाणजींचे डोळे पिवळट आहेत, यकृत बिघडलेलं असणार. असले रोगी मला फार आवडत. ते औषध मागत नाहीत, आणि निदान चुकलं तरी तक्रार करत नाहीत.

एका जहागीरदारांच्या दिवाणखान्यात त्यांच्या मूळपुरुषाची, लढाईत पडलेल्या सरदाराची तसबीर होती, हातात उपसलेली तलवार. बोटांची टोकं फुगलेली, नखं पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. मी जवळ जाऊन पाहिलं आणि खूश झालो.

"यांची फुफ्फुसं पार पोखरलेली होती," मी ऐटीत म्हणालो. "अशी नखं उगीच होत नाहीत. लढाईत पडले नसते तरी फार दिवस काढले नसते."

जहागीरदार पोट धरून हसले. "अहो डॉक्टर, त्यांना पाहिलंय कुणी? तसबीर आत्ता दोन वर्षांपूर्वीची. चेहरा आमच्या काकांचा घेतला. पण काकांच्या हातात तलवार शोभेना. चित्रकार म्हणाला, राबणारा हात हवा. तेवढ्यात तुमचे वडील वेल्ह्याहून तूप घेऊन आले, त्यांनाच उभं केलं. तुम्ही तेव्हा पुण्याला शिकत होतात."

मी पुन्हा त्या नखांकडे पाहिलं. बाकीचे रोगी कसेबसे उरकून संध्याकाळी घरी आलो. वडील, म्हणजे आबा, आता माझ्याकडेच राहत; ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांचा खोकला मला ठाऊक होता. विडीचा आहे म्हणायचे, मीही तेच धरून चाललो होतो.

"आबा, हात बघू."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नखं तसबिरीतल्यापेक्षाही जास्त वळली होती. माझं निदान बाजारपेठेतून माझ्याआधीच घरी पोचलं होतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"त्या सरदाराला काय औशद हुतं का रं?" त्यांनी विचारलं.

"त्या काळी नव्हतं, आबा."

"आन् आता?"

आताही नव्हतं. कुणा परक्याला मी ते तोंडावर सांगितलं असतं. मला रडू येत होतं. "उद्या पुण्याला जाऊ, मोठ्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हणालो, आणि त्यांनी लहान पोराची समजूत काढावी तशी मान हलवली.