तेच वजन, तेच रक्त

"तोंड उघड. वास पाहू दे."

भर हॉलमधी डॉक्टर मले असा बोलला. नव्या औषधाच्या चाचणीसाठी धडधाकट माणसं पाहिजे होती, म्हणून मी बुलडाण्याले गेली होती. बाकड्यावर बाकीचे बसले होते, त्यात आमच्या उंद्रीचे चौघं. माह्या रक्ताच्या रिपोर्टमधी लिव्हरचे आकडे वाढलेले. त्यानं फॉर्मवर आडनाव पाह्यलं अन् हसला. "तुमच्या वस्तीत घरोघरी दारू गाळतात ना? पोरीही पितात का?"

आमच्या घरी पंचशील रोज म्हणतात. पाचवं शील दारू न पिण्याचंच. थेंब नाही घेतला मी कधी.

तरी मी तोंड उघडलं. त्याचाच संताप होते मले अजून. काऊन उघडलं? वास आला नाही, तरी त्यानं लाल पेनानं 'मद्यपान' लिवलं अन् कागद अंगावर फेकला.

माह्यामागं माही मैत्रीण होती, वकिलाची पोरगी. आम्ही दोघी कॉलेजच्या वेटलिफ्टिंग टीममधल्या. आदल्या दिवशी एकाच दांड्यावर, तेवढंच वजन, पाळीपाळीनं उचललेलं. तिचेही आकडे वाढलेलेच. तिले म्हणला, "व्यायाम जोरात दिसतोय बेटा! जड वजन उचललं की असं होतं. आठ दिवस आराम कर, परत तपासू."

मैत्रीण खाली पाहून राह्यली.

मी घरी पोचायच्या आधी गावात 'बेवडी' पोचली होती. माय दारातच बसलेली. "खरं सांग वं."

मायनंही विचारलं! तिथं माह्यं टाळकं सटकलं.

आठ दिवस मी पाण्याची बादलीही उचलली नाही. दुसऱ्या लॅबमधी रक्त दिलं. सारे आकडे जाग्यावर.

तो कागद घेऊन गेली, तं डॉक्टरनं आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं. "होते चूक. यादीत घेतो तुला. कशाला वाढवतेस?"

"यादी नको. बाहेर चाला. त्याच हॉलमधी, त्याच आवाजात सांगा."

"कोणाशी बोलतेस, कळतं का?"

"हाव. माह्या तोंडाचा वास घेणाऱ्याशी."

तो उठला नाही.

दर सोमवारी तिथं नवे लोक तपासणीले येतात. दर सोमवारी मी दारात उभी राह्यते, दोन्ही कागद मोठ्यानं वाचते. वॉचमननं दोनदा हाकललं. मी परत आली. आता डॉक्टर मले पाहून मागच्या दारानं पळते.

येत्या सोमवारी मी मागच्या दाराशी उभी राहीन.