आडवी चिंधी

माझं पाळण्यातलं नाव दुसरंच आहे, पण भिंगारच्या आमच्या साळी आळीत मला सगळे भिकीच म्हणत. माझ्या आधीची तीन भावंडं पुरतं बसायला शिकायच्या आधीच गेली. म्हणून चौथ्या खेपेला माझ्या आईनं, केशरबाईनं, मूल मागून घेतलं. देवाकडून तर मागितलंच, पण शेजारपाजाऱ्यांकडूनही मागितलं. त्या मागण्यातून मी जगले असं आळी म्हणायची. देवाच्या मनातलं मला कळत नाही. पण माझ्या जगण्यात आमच्या समोरच्या आक्काबाईंचं काय गेलं, ते मला ठाऊक आहे, आणि ते कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटतं. यातलं पुष्कळसं मी आईच्या तोंडून ऐकलं, थोडं आक्कांच्या.

आक्का मूळच्या हिवऱ्याकडच्या. नवरा पटकीनं गेला तेव्हा मुलगा, गोरक्षनाथ, रांगत होता. त्याला कडेवर घेऊन त्या भिंगारला आल्या आणि मागवाल्यांच्या कांड्या भरून देऊ लागल्या. कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची नळी. आमच्या दारासमोर, बोळाच्या पलीकडं त्यांची एक खोली होती. रहाट उंबऱ्यात मांडायचा, तोंड बाहेर करायचं आणि दिवसभर रहाट आणि जीभ दोन्ही चालू ठेवायचे. माझे वडील, सूर्यभान, मागावर जरा थांबले की पलीकडून हाक यायची, "काय रं सूर्यभान, माग पेंगला का तू पेंगला?"

वडील धूपछावचं कापड विणत. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून ते कापड इकडून पाहिलं तर तांबडं आणि तिकडून पाहिलं तर निळं दिसे. लुगडी, खण पेठेत जात. मागावरचा शेवटचा तुकडा मात्र विकण्याजोगा नसे, तो आळीतल्या पोरांच्या अंगावर जाई. आळीतली एकूणएक पोरं आमच्या धूपछावात वाढली. गोरक्षला वडिलांनी लहानपणी तांबड्या-निळ्याचा अंगरखा दिला होता. तो आखूड झाला, विरला, तरी आक्कांनी गाठोड्यात जपून ठेवला होता.

लढाई सुरू झाल्यावर गोरक्ष पलटणीत गेला. छावणी आमच्या जवळच, पोरं रोज कवायत बघायला जात, त्यातलाच हा. आक्का म्हणत, "मला दौंडाच्या गाडीत बसायचं म्हनलं तर पोटात गोळा येतो, आन् ह्यो बोटीत बसून गेला! कुनावर गेलाय कुनास ठाऊक."

आता त्या मागण्याची रीत सांगते. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं पोटुशी असताना जित्या पोरांच्या घरी जायचं, ओटी पसरून त्या पोरांच्या अंगावरच्या कपड्याची एक चिंधी मागायची, आणि सगळ्या चिंध्यांचं दुपटं शिवून त्यात बाळ गुंडाळायचं. जितक्या जित्या पोरांची चिंधी, तितकं आयुष्याला बळ. त्यात दोन नेम होते. मेलेल्याची चिंधी बाळाच्या अंगाला लागू द्यायची नाही. आणि मागून आणलेली चिंधी काढून टाकायची नाही, टाकली तर ज्याची चिंधी त्याचं वाईट होतं.

मी पोटात होते त्या वर्षी ज्येष्ठात आई मागायला निघाली. पहिली गेली मुबारकबींकडं, कारण त्यांचं घर पोरांनी नुसतं गजबजलेलं.

"कुनाची देऊ गे केशर?" मुबारकबी म्हणाल्या. "ह्या नूरमहंमदाची घे. मार खातो, पडतो, विहिरीत पडून बी वर आला. ह्याच्यासारखी टिकली तर तुझी पोर शंभर वर्षं तुला छळंल."

असं करत आळी फिरून आई शेवटी आक्कांच्या उंबऱ्यापाशी आली. जायला जरा अवघडली होती, कारण आक्कांचं एकुलतं एक, तेही लढाईवर. आक्काच ओरडल्या, "का गं, मला निपुत्रिक समजलीस व्हय? माझं एकच हाय, पर चिवट हाय." गाठोडं सोडून त्यांनी अंगरख्याची बाही दातानं उसवली आणि आईच्या ओटीत टाकली. वर म्हणाल्या, "ही नीट दिसंल अशी लाव बग. माझ्या दारातनं दिसली पायजे."

लढाईमुळं सूत मिळत नव्हतं म्हणून वडिलांचा माग दिवसदिवस उगाच उभा असायचा, त्यामुळं घरात शांतताच शांतता. आई भिंतीला टेकून दुपटं शिवत बसे. धूपछावचा तुकडा जोडताना सगळ्यांचा उभा धागा उभाच ठेवावा लागतो, नाहीतर एक तुकडा निळा दिसताना शेजारचा तांबडा दिसतो. आईच्या हाताला ती शिस्तच होती. पण आक्कांची बाही निमुळती, ती उभी बसेना. शेवटी खालच्या कोपऱ्यात आडवी बसली. आईला ते खटकलं, पण काय करणार? वरून बारीक धावदोरा घातला आणि दुपटं पुरं केलं.

श्रावणात मी झाले. धुतलेलं दुपटं सकाळी आमच्या ओट्याच्या कठड्यावर वाळत पडायचं. ऊन आलं की आक्कांच्या दारातून बाकीचं दुपटं निळसर दिसे आणि तेवढा कोपरा तांबडा पेटायचा. रहाट थांबवून आक्का म्हणायच्या, "उठला गं माझा गोरक्ष!" आईही इकडून म्हणायची, "उठला, उठला. चहा ठिवते." हे रोजचंच. आळीतल्या बायकासुद्धा पाणी आणायला जाताना विचारत, "आक्का, गोरक्ष उठला का?"

दिवाळी झाल्यावर सुप्याचा कारभारी नावाचा शिपाई कुबडी घेऊन आमच्या आळीत आला. तो गोरक्षच्याच पलटणीतला. आक्कांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं. त्यानं पाणी प्यायलं नाही. तांब्या हातातच धरून म्हणाला, "आक्का, गोरक्ष गेला. ब्रह्मदेशात. चैतातच गेला, तुमाला कुनी सांगितलं न्हाई का?"

आई माझ्यासकट दारात उभी होती. चैत्रात, म्हणजे चिंधी मागितली त्याच्या आधी.

आक्कांनी रडं काढलं नाही. विचारलं, "तू तुझ्या डोळ्यांनी पाह्यलंस?"

"व्हय. म्हंजे, धूर लई हुता आक्का..."

"मग धुरात काय दिसतंय? दुसरा कुनी असंल." मग त्यांनी आमच्या कठड्याकडं बोट केलं. "त्यो कोपरा बग. माझ्या लेकाची चिंधी हाय ती. आन् पोरगी बग कशी टरारलीया. गेलेल्याच्या चिंधीवर पोर अशी बाळसं धरती का? सांग की!"

कारभारीनं आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली. त्याला आक्कांनी भाकरी वाढली, आग्रह करून वाढली, आणि बोळाच्या तोंडापर्यंत पोचवून आल्या. सुतकाची अंघोळ केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रहाट उंबऱ्यातच होता. "उठला गं माझा गोरक्ष!" आई सांगायची, त्या दिवशी 'उठला' म्हणायला तिला उशीर झाला. पण ती म्हणाली.

मार्गशीर्षात मला डांग्या खोकला झाला. खोकून खोकून निळी पडायची, दूध उलटायचं. आळीत कुजबुज सुरू झाली. छबूबाई ही आमच्यातली सगळ्यात वडीलधारी बाई. ती येऊन दुपट्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "केशर, डोळं मिटून बसलीस का? तीन घालवलीस. चौथी ह्या चिंधीपायी घालवायचीया?"

मुबारकबी तिथंच होत्या, त्या उसळल्या. "आळीतल्या सगळ्या पोरांच्या चिंध्या हायत की त्यात! त्या काय झोपल्यात? पोरीला दवा पाजा, चिंधीला कशाला बोलता?" त्यांनी ज्येष्ठमधाचा काढा करून आणला आणि दर्ग्यातला ताईत माझ्या दंडाला बांधला.

आक्का रोज दोनदा येत. मला छातीशी उभी धरून पाठ चोळत. जाताना एकच सांगत, "तिला त्या दुपट्यावरच निजव गं. कोपरा छातीशी घे. माझा गोरक्ष राखील तिला."

आई मधल्या मधी सापडली. चिंधी ठेवावी तर लेक जाते. काढून टाकावी आणि कारभारीनं खरंच धुरात दुसरा कुणी पाहिला असेल, तर आक्कांचा लेक जातो. आई खंडोबाच्या टाकांपुढं बसली, म्हणाली, देवा, तूच काय ते सांग. देव काही बोलला नाही. छबूबाई बोलली. "काढू नको. वरून दुसरी लाव. झाकलेली चिंधी अंगाला लागत न्हाई, आन् टाकली असं बी होत न्हाई."

आक्का भरलेल्या कांड्या पोचवायला पलीकडच्या आळीत गेल्या होत्या, तेवढ्यात आईनं ते केलं. वडिलांजवळ तांबड्या-निळ्याचा तसाच तुकडा पडून होता. त्यांनी तो फाडून दिला. आईनं तो त्या कोपऱ्यावर बेतला, कडा आत दुमडल्या आणि शिवला. रंग तोच, माप तेच, टाका तोच. कुणाला कळणार नाही असं तिला वाटलं. फक्त घाईघाईत, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तिच्या हातानं तो तुकडा उभा लावला.

सकाळी दुपटं कठड्यावर पडलं. ऊन आलं. आई चुलीपाशी होती, कान मात्र बाहेर. रहाट थांबला. हाक आली नाही. आई दारात आली तेव्हा आक्का उंबऱ्यात तशाच बसल्या होत्या, एक हात रहाटाच्या दांड्यावर. सगळं दुपटं निळं होतं. कोपऱ्यासकट.

"केशर," त्या म्हणाल्या, "आज उठला न्हाई गं."

आक्का बोळ ओलांडून आल्या. कोपरा चिमटीत धरून चोळला. कापड त्यांच्या बोटांना दुहेरी लागलं.

"आत हाय नव्हं?"

"आत हाय, आक्का. काढली न्हाई. देवाशपथ काढली न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे. झाकल्यालं आता उघडू नको." त्यांनी कोपरा तळहातानं सारखा केला. "पोरगी खोकली का रात्री?"

"कमी हाय."

"बरं झालं." त्यांनी विचारलं, "त्यो कारभारी काय म्हनला हुता? चैतात ना?"

"चैतात," आई म्हणाली.

"चैत, वैशाख, ज्येष्ठ..." आक्कांनी बोटांची पेरं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. "म्हंजे मी बाही उसवली तवा त्यो नव्हताच. आन् मी म्हनले चिवट हाय."

मग त्या म्हणाल्या, "चल, माझ्या अंगावर पानी घाल. माझं दुसरं कुनी न्हाई घालायला." आईनं आडावरून घागर भरून आणली. आक्का परसात नेसत्या लुगड्यानिशी पाटावर बसल्या. आईनं पाणी ओतलं आणि तेव्हा कुठं त्या रडल्या. माझी आई, छबूबाई, मुबारकबी, सगळ्या तिथं उभ्या होत्या. छबूबाई सगळ्यात जास्त रडली, असं आई सांगायची. सरकारी खबर पुढं आली, तेव्हा आक्कांचं सुतक फिटून गेलं होतं.

माझा खोकला गेला. चिंधी झाकली म्हणून गेला, काढ्यानं गेला की ताइतानं, कोण सांगणार? आक्कांनी कुणाला कधी बोल लावला नाही. मला न्हाऊमाखू घालायच्या, मांडीवर निजवायच्या, मी चालायला लागल्यावर हाताला धरून आळीभर फिरवायच्या. दुपट्यावर मात्र त्यांनी मला परत कधी निजवलं नाही. आपल्या पदरावर निजवायच्या.

मला कळायला लागलं तेव्हापासून मी त्यांचा रहाट पाहिला, तो खोलीत आत, तोंड मागच्या भिंतीकडं केलेला. तिथं अंधार असे, धागा दिसत नसे, तुटला की चाचपून सांधावा लागे. मी एकदा म्हटलं, "आक्का, उंबऱ्यात बसा की, उजेड हाय." तर म्हणाल्या, "ऊन लागतं गं, भिके." आई ओट्याच्या त्याच कठड्यावर कपडे वाळत घालत होती. तिनं हातातलं कापड तसंच धरलं आणि मला आत बोलावलं.