मध्यंतरातला मसाला

चैत्र सरत आला होता. सकाळी सातपर्यंत नदीकडून गार वारा यायचा, आणि नऊ वाजले की घरावरचा पत्रा कडकडायला लागायचा. म्हणून ठमाबाईनं उजाडतानाच बाजेवर मिरच्या पसरल्या, खोबरं भाजलं, धने-दगडफूल तेलावर परतून परातीत काढलं. सून पल्लवी तोंडाला ओढणी बांधून शिंकत होती.

"आत्या, डंकावर देऊ ना. वीस मिनिटांत मशीन कुटून देतं."

"डंकावर मसाला जळतोय. गंगापूर रोडच्या बाया इतक्या लांब कशाला येत्यात? डंकाचं तोंड बघायला?"

ठमाबाईचं उखळ स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलेलं होतं, अगदी मागच्या भिंतीला खेटून. घर तिचं, उखळ तिचं, पण ती भिंत मात्र चंद्रविलास टॉकीजची होती.

ती लग्न होऊन निफाडकडून आली तेव्हा नवरा गेणू टॉकीजमागच्या बोळात एका खोलीत राहायचा. खोलीमागं आठ फूट मोकळी जागा, आणि तिच्यापुढं टॉकीजची ताडमाड भिंत. गेणूनं दोन्हीकडून विटा रचल्या, वर पत्रा टाकला आणि चौथी भिंत आयतीच आहे म्हणून हात झटकले. त्या आयत्या भिंतीत ठमाबाईनं खुंट्या ठोकल्या, फळी बसवली, पुढं देवही बसवले. पलीकडच्या अंगाला नेमका पडदा होता. त्यामुळं तिनं सिनेमे ऐकले हजारभर आणि पाहिले तीन. त्या तिन्हींत तिला हिरो आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा बारीकच निघाला.

पहिल्याच उन्हाळ्यात भानगड झाली. पलीकडं हिरोइनची आई मरायला टेकलेली, सगळं थेटर मुसमुसतंय, आणि मधेच धुप्‌ धुप्‌ धुप्‌. लोकांना वाटलं, म्हातारीचं काळीज. पण म्हातारी मेली, तिला उचलून नेली, तरी काळीज काही थांबेना. तेव्हा मात्र पिटातून शिट्ट्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी टॉकीजचे मॅनेजर मोतीराम अण्णा नाकाला रुमाल लावून ठमाबाईच्या दारात.

"वहिनी, हात जोडतो. मसाला मध्यंतरातच कुटा."

"आन ही भित?"

"ती तुमचीच समजा."

झालं, करार ठरला. दहा मिनिटांच्या मध्यंतरात कुटून किती होणार? पण दिवसाला तीन खेळ, तीन मध्यंतरं. ठमाबाई गिऱ्हाइकाला सांगायची, "पायलीभर मसाला म्हंजे बारा मध्यंतरं. शुक्रवारी या."

पुढं टॉकीजचे दिवस फिरले. शेवटी शेवटी खेळाला बारा तिकिटं खपायची, त्यातले चार जण पंख्याखाली झोपायला यायचे. मग पंखे बंद पडले आणि तेही येईनात. कुलूप लागलं. ठमाबाई दिवसभर कुटायला मोकळी झाली, पण हाताला वळण ते वळण. दर दहा मिनिटांनी मुसळ आपोआप थांबायचं.

आज बारा वाजून गेले, मिरच्या अजून बाजेवरच होत्या, तेवढ्यात धनराज शेठ बोळात आले. टॉकीज पाडायचं काम त्यांनी घेतलं होतं. समोरची बाजू आधीच उतरली होती.

"मावशी, सोमवारी मागची भिंत पाडतोय. तेवढे देव आणि डबे काढून घ्या."

"आन माझं घर?"

"घराला हात लावत नाही. फक्त आमची भिंत काढून घेतो."

"तीन भितीचं घर म्हंजे काय रे बाबा, मी तमाशाचा फड लावलाय व्हय? पत्रा कशावर टेकवू? तुझ्या टकुऱ्यावर?"

पल्लवीनं ओढणीतच हसू दाबलं. शेठ रागावले नाहीत. "भिंत तुमची असल्याचा काही कागद असेल तर दाखवा. नसेल तर माझाही नाइलाज आहे."

ठमाबाई पदर खोचून तडक रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेली. तिथं मोतीराम अण्णा रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, स्टूल टाकून, टॉकीज पडताना बघत बसायचे. ऐंशी वर्षांचा माणूस, पण बारा ते साडेतीन बसून घरी जेवायला जायचा आणि सहाच्या खेळाला परत यायचा.

"अण्णा, भित माझी म्हन्ला होता का नव्हता?"

"म्हणालो होतो. पण कागद नाही हो वहिनी. शब्द होता."

"शब्दावर पत्रा टेकत नाय, अण्णा."

अण्णांनी बशीतला चहा ओठाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. "कागद नाही," ते म्हणाले, "पण काच आहे!"

फाटकाशी भंगाराचा ढीग होता. ऑपरेटरच्या खोलीतला माल कालच खाली आला होता. त्यात एक पत्र्याचा डबा, आणि डब्यात मध्यंतरात पडद्यावर दाखवायच्या काचेच्या पाट्या. अण्णा, ठमाबाई आणि मागून धावत आलेली पल्लवी ढिगाशीच उकिडवे बसले. फरसाणाची जाहिरात, दंतमंजनाची जाहिरात, 'खुर्च्यांवर पाय ठेवू नयेत', हरवलेल्या एका छत्रीची सूचना. शेवटून दुसरी काच अण्णांनी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उन्हाकडं धरली. धनराज शेठही येऊन उभे राहिले होते. पल्लवीनं मोठ्यानं वाचलं:

"मध्यंतरात पडद्यामागून आवाज येईल. आमच्या सामाईक भिंतीपलीकडे सौ. ठमाबाई मसाला कुटतात. घाबरू नये. इमारतीस धोका नाही. व्यवस्थापक."

"सामाईक!" अण्णा म्हणाले. "शब्द मी निवडलाय."

शेठनी काच हातात घेतली. उलटून पाहिली, परत वाचली. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हणजे त्या तुम्ही?" ते हसू आवरत म्हणाले. "नवं लग्न झालेलं. बायकोला घेऊन मनमाडहून आलो होतो इथं. मध्यंतरात धुपधुप सुरू झालं, मला वाटलं, बाल्कनी चालली. मी एकटाच धावत खाली! बायको वरच बसून वडा खात होती. तिनं ही काच वाचली होती; काच दाखवली तेव्हा मी बाहेर वडे घ्यायला गेलो होतो. सव्वीस वर्षं झाली मावशी, घरात एक फुलपात्र पडलं तरी म्हणते, 'पळा!'"

"मंग आता भित पाडलीस तर, धुपधुपीला भिऊन पाडली म्हनून तिला सांगायला येईन मी."

"नको, मावशी, ते नको!" शेठनी हात जोडले. "कागद म्हणून या काचेला कुणी विचारणार नाही. पण त्या बाजूला मला कुंपणाची भिंत लागणारच आहे. बारा फूट ठेवतो, वरची उतरवतो. पत्रा राहील, देव राहतील. एकच अट. आमचं मशीन चालू असताना कुटायचं नाही. दोन्हीकडून हादरे बसले तर ती खरंच पडेल."

"मशीन थांबतंय कधी?"

"एकला. जेवायला."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

ठमाबाईनं मनात हिशोब मांडला. "तीन मध्यंतरं एका दमात. पयल्यापरीस बरं हाय."

सोमवारी सकाळपासून वरच्या विटा पलीकडं धडाधड पडत होत्या. फळीवरचे डबे वाजत होते, देवांवर धूळ बसत होती. ठमाबाई उखळापाशी पाय पसरून मिरच्यांची देठं खुडत बसली होती. एक वाजला. मशीन घरघरून थांबलं. पलीकडं मजुरांनी डबे उघडल्याचा आवाज आला.

"पल्लवी, परात आन. मध्यंतर झालं."

धुप्‌ धुप्‌ सुरू झालं. पलीकडं कुणीतरी, "ए, भिंत हलतेय रे!" म्हणून उठलं. लगेच रस्त्यापलीकडून अण्णांचा पातळ, खणखणीत आवाज आला, "घाबरू नये!"

ठमाबाईनं मुसळ बाजूला ठेवलं, चाळण पुढं ओढली आणि पहिला घाणा चाळायला घेतला.